नंबर घासलेलं कार्ड

"शांत, निगर्वी आणि प्रसिद्धीपासून चार हात लांब राहणाऱ्या." अक्कांच्या शोकसभेत आमच्या संस्थेतल्या जुन्या यंत्रांच्या दालनाच्या समन्वयक साहेबांनी इंग्रजीत असं भाषण ठोकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोला चंदनाचा हार, पुढे उदबत्ती, आणि पहिल्या रांगेतली मंडळी माना डोलावतायत. मी उठून बाहेर व्हरांड्यात आले. आत थांबले असते तर तोंडातून काहीतरी गेलं असतं, आणि गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे भांडू नये एवढं माझ्या आईने मला शिकवलंय.

शांत म्हणे! अहो, रिक्षावाल्यापासून संचालकांपर्यंत या बाईने कुणाला सोडलं नाही. आमची ती सरकारी संशोधन संस्था, सगळे दबून वागणारे. त्यात या एकट्या लांबूनच ऐकू यायच्या. त्यांचं घराणं तीनचारशे वर्षांपूर्वी इकडे कर्नाटकात आलेलं. घरी मराठी, पण कानडी अशी मुरलेली की कुठली भाषा कुठे संपते ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. मी पुण्याची. नोकरी लागून बंगळुरात आले, प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी कुणाशी तरी फोनवर मराठीत बोलत होते, तर मागून आवाज आला, "कोण गं तू? पुण्याची काय? मग स्वल्प कमी बोल, जास्ती बघ."

ही माझी आणि अक्कांची ओळख. पुढे वीसेक वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि दर आठवड्याला एकदा तरी राजीनामा द्यावासा वाटला.

त्यांच्या खोलीत एक शब्द चालत नसे. "गोत्तिल्ला", म्हणजे माहीत नाही. कुणी चुकून म्हणालं की अक्का हातातलं काम ठेवून वर बघायच्या. "इन्नू गोत्तिल्ला म्हण. अजून माहीत नाही. माहीत नाही असं काही नसतं, बघणारा आळशी असतो." एकदा दिल्लीहून तपासणीची समिती आली होती. भांडारवाल्याने बिचाऱ्याने सगळे खोके ओळीने लावून ठेवलेले, आणि एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'मिस्लेनियस' लिहिलेलं. अक्कांनी तो खोका उचलला आणि समितीच्या पुढ्यात, चहाच्या कपांच्या मध्ये, टेबलावर उपडा केला. "हे बघा, हा आमचा आळशीपणा," म्हणाल्या. मग एकेक सुटा भाग उचलून त्याचं नाव, त्याचं काम सांगायला लागल्या. समितीचं विमान होतं. समितीला ते मिळालं की नाही, मला ठाऊक नाही.

एखादं सर्किटचं कार्ड हातात आलं की आधी त्याचा वास घ्यायच्या. जळलंय का, ओल खाल्लीय का, कुठल्या गोदामात पडलं होतं, सगळं नाकाने सांगायच्या. शनिवारी बंगळुरातल्या शिवाजीनगरला जुन्या सामानाच्या दुकानांत फिरायच्या. दुकानदार त्यांना बघून आनंदायचे, कारण त्यांच्याकडे पडलेला भंगाराचा तुकडा नेमका काय आहे ते अक्का फुकटात सांगून टाकायच्या. आणि एकदा कळलं की दुकानदार तो विकायलाच तयार व्हायचा नाही! अक्का हात हलवत परत. मी म्हटलं, "अहो, आधी घ्या आणि मग सांगा." तर म्हणाल्या, "ओळखून गप्प बसायचं? अय्यो, ती तर चोरी झाली."

निवृत्त झाल्यावर इंदिरानगरच्या जुन्या बैठ्या घरात एकट्याच राहायच्या. लग्न केलं नव्हतं. दोन्ही बाजूंना बिअरची दुकानं झालेली, संध्याकाळ झाली की खिडक्या थरथरायच्या. शेजारीपाजारी आवाजाच्या तक्रारी करून थकले. अक्काही एकदा तावातावाने गेल्या, पण तक्रार वेगळीच. म्हणाल्या, तुमच्या डावीकडच्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्यात, म्हणून ठोका पोकळ येतोय, आवाज करायचाच तर नीट तरी करा. पोरांनी तारा बदलल्या. आवाज दुप्पट झाला. सगळी गल्ली अक्कांवर चिडली आणि अक्कांना कळेना की लोक का चिडलेत.

अशी ही प्रसिद्धीपराङ्मुख बाई. असो.

दोनतीन वर्षांपूर्वी संस्थेत टूम निघाली की जुन्या यंत्रांचं दालन करायचं. मी अजून नोकरीत होते. समन्वयक म्हणून एक तरुण गृहस्थ नेमले गेले. अतिशय गोड बोलणारे. भांडार उपसताना एक जुनं परदेशी वर्कस्टेशन सापडलं. आमच्या तरुणपणी एकेका इंजिनिअरने एकट्याने वापरायचे ते भारी संगणक, टेबलाखाली ठेवायचं छोटं कपाटच म्हणा ना. ते उघडलं तर आतली सगळी कार्डं त्या परदेशी कंपनीची, कंपनीचं नाव छापलेली. एक मात्र निराळं. लांबलचक, हिरवं, त्यावर नाव नाही, क्रमांक नाही, आणि प्रत्येक चिपच्या पाठीवरचा नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेला.

"मॅडम, 'इम्पोर्टेड, अननोन' अशी पाटी लावून टाकू या," समन्वयक म्हणाले.

वीस वर्षं अक्कांच्या हाताखाली काढलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. मी म्हटलं, थांबा, आठवडाभर मला द्या. आणि कार्ड घेऊन तडक इंदिरानगरला गेले. मनात म्हटलं, अक्का बसल्या जागी ओळखतील आणि काम संपेल.

अक्कांनी ते हातात घेतलं. वास घेतला नाही. एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू ओळख," म्हणाल्या.

"अहो, मला माहीत नाही म्हणून तर आलेय!"

"अजून माहीत नाही."

"अक्का, पाटी छापायला जाणारेय."

"मग लवकर ओळख की. सुम्ने, उगाच माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

मला असा राग आला! निवृत्तीला टेकलेली मी, आणि ही बाई मला पहिलीच्या वर्गात बसवतेय. कॉफीसुद्धा न पिता उठले.

घरी जेवणाच्या टेबलावर मल्टिमीटर मांडला. कुठल्या पिनेतून निघालेला तांब्याचा पट्टा कुठे पोचतो ते बघायचं, जोडलेलं असलं की मीटर टीं करून ओरडतो. नवरा म्हणाला, "घरात टिटवी पाळलीयस का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने आपलं ताट उचललं आणि दिवाणखान्यात गेला. आठवडा संपला. समन्वयकांकडून भांडून आणखी मुदत मागून घेतली. इंटरनेटवर जुनी यंत्रं जमवणारे लोक असतात, त्यांना फोटो पाठवले. कुणीतरी छातीठोकपणे कळवलं की हे चित्रं दाखवणारं ग्राफिक्स कार्ड आहे. मी ते अक्कांना जाऊन सांगितलं.

"ग्राफिक्स?" अक्का ताडकन उभ्या राहिल्या. "या मागच्या जोडणीतून सिग्नल बाहेर जातोय की आत येतोय, एवढं तरी बघितलंस? बघितलं नाहीस. कुणीतरी सांगितलं आणि तू घेतलंस. हेच शिकवलं का मी तुला?" आणि स्वतः उठून मला दार उघडून दिलं. बाहेर काढलं हो मला!

रिक्षात बसल्या बसल्या मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण घरी जाऊन आधी तेच बघितलं. सिग्नल आत येत होता. मागच्या जोडणीतून एकसारखे आठ रस्ते निघत होते, प्रत्येक रस्त्यावर आधी नाजूक सिग्नल मोठा करणारी छोटी चिप, मग सगळे मिळून एका मोठ्या पांढऱ्या चिपकडे, सिग्नलाचे आकडे करणारी. म्हणजे बाहेरून आठ ठिकाणचं काहीतरी एकाच वेळी मोजायचं होतं, तेही अगदी बारीक आणि भराभर. आमच्या संस्थेत असं काम एकाच जागी चाले. इंजिन चाचणीला लावलं की त्याची थरथर मोजायचे, तिथे. म्हणजे कसलं इम्पोर्टेड आणि कसलं काय, कार्ड घरचंच होतं! मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, आता टेबल मोकळं कर."

टेबल मोकळं करणार तेवढ्यात माझं लक्ष चिपांच्या रिकाम्या पिनांकडे गेलं.

सांगते. चिपच्या काही पिना वापरायच्या राहून जातात. बहुतेक लोक त्या तशाच सोडतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माझ्या पहिल्या कार्डावर एक पिन अशी सोडली होती, तर अक्कांनी अख्खं कार्ड माझ्या टेबलावर परत आणून आपटलं होतं. "रिकामी पिन म्हणजे रिकामटेकडं माणूस. दहा घरच्या चहाड्या ऐकून येते आणि तुझ्या सर्किटात येऊन सांगते. बांधून टाक तिला." नुसतं बांधूनही चालायचं नाही. प्रत्येक रिकाम्या पिनेला स्वतंत्र रेझिस्टर, स्वतंत्र पट्टा आणि तपासायला स्वतंत्र ठिपका. सगळी संस्था हसायची त्यांना. एवढा उपद्व्याप त्यांच्याशिवाय कुणी करत नसे, आणि त्यांच्या हाताखालचे आम्ही तेवढे, नाइलाजाने. पण हे कार्ड मी नोकरीला लागायच्याही आधीचं होतं. तेव्हा अक्कांच्या हाताखाली कुणीच नव्हतं.

या कार्डावर एकूण एक रिकामी पिन तशी बांधलेली होती. पट्टे हाताने टेप चिकटवून आखलेले, वळणावर गोल, अक्का आखायच्या तसे. रेझिस्टरांचे रंग सगळे एकाच बाजूने वाचता येतील असे, कारण अक्का म्हणायच्या, वाचणाऱ्याला मान वाकडी करायला का लावायची?

मी चपला घातल्या आणि निघाले.

"अक्का, हे तुमचं आहे."

त्या खुर्चीत बसल्या होत्या. हलल्या नाहीत. "कशावरून?"

मी सांगितलं. आठ रस्ते, थरथर, इंजिन. "पुढे," म्हणाल्या. टेपचे पट्टे. "पुढे." रिकाम्या पिना.  मग विचारलं, "तुला कुणी सांगितलं तर नाही ना?"

"कोण सांगणार? तुम्ही सांगितलं नाहीत, तर आणखी कोण सांगणार?" माझा आवाज चढला होता. "पहिल्या दिवशीच ओळखलं होतंत ना? मग हा छळ कशासाठी केलात माझा?"

"सरी, बरं," म्हणाल्या आणि कॉफी करायला आत गेल्या. स्वयंपाकघरातूनच, माझ्याकडे पाठ करून, सगळं सांगितलं.

वर्कस्टेशन विकणाऱ्या परदेशी कंपनीने थरथर मोजायचं कार्ड द्यायला नकार दिला होता. तुमच्या देशाला देता येत नाही म्हणाले. चाचण्या अडल्या. तेव्हा अक्कांनी हट्टाने बसून हे केलं. चाललं. आमच्याकडे तेव्हा पद्धत होती की घरच्या कार्डावर कुणाचं नाव घालायचं नाही आणि चिपचे नंबर घासून टाकायचे, कुणी नक्कल करू नये म्हणून. तेव्हाच्या संचालकांनी, मोठे साहेब म्हणायचे त्यांना, पॉलिश पेपर अक्कांच्याच हातात दिला. "मीच घासलं गं. देशाचं काम असं म्हणून, या हातांनी." मग समारंभ झाला. मोठ्या साहेबांना म्हैसुरी पेट्याची पगडी, शाल, चंदनाचा हार. अक्का मागच्या रांगेत. समारंभानंतर त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, कार्ड माझं आहे, निदान नाव तरी घ्यायचं होतं. साहेब हसले. म्हणाले, कुठे लिहिलंय तुमचं म्हणून? दाखवा.

"काय दाखवू? मीच घासलेलं," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी ठरवलं, हे माझं असं म्हणून पुन्हा कुणाला सांगणार नाही. माझ्या सांगण्याला किंमत नाही. दुसऱ्या कुणीतरी नुसतं कार्ड बघून माझं म्हणावं. मी सांगितलं असतं तर तू मान हलवली असतीस, पण ते ओळखणं झालं नसतं की. आता तू जा आणि सांग. तुला कार्डाने सांगितलंय."

कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि मी घोट घ्यायच्या आत म्हणाल्या, "मग, कधी जातेस?" मग मला कळलं, या बाईला किती हवं होतं ते. पाटीवर एक नाव. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी समन्वयकांपुढे सगळं सर्किट आखून ठेवलं. त्यांनी कौतुक केलं. फॅंटॅस्टिक म्हणाले. पाटी बदलायचं लगेच मान्य केलं. नवीन मजकूर त्यांनी स्वतःच तयार केला: थरथर मोजणारं स्वदेशी कार्ड, तत्कालीन संचालकांच्या मार्गदर्शनाखाली संस्थेत बनवलेलं.

"आणि बनवणाऱ्या बाईंचं नाव?"

"मॅडम, स्टाइल हा काही पुरावा नाही ना. रेकॉर्डला नाव नाही. त्यांनी दालनाच्या समितीपुढे येऊन सांगावं, आम्ही सहानुभूतीने विचार करू."

सहानुभूती! करणारीने मरमर करून केलं आणि यांना विचार करायचाय. मी म्हटलं, तुमच्या मोठ्या साहेबांनी आयुष्यात कधी सोल्डरिंगची सळई हातात धरली होती का, ते त्यांना समितीपुढे बोलावून विचाराल? तर म्हणाले, मॅडम, ते आता नाहीत, असं बोलणं बरं नाही. गोड हसत म्हणाले. ती पाटी आजही तिथे आहे. जाऊन वाचा.

मी पुन्हा इंदिरानगरला. "अक्का, एकदा या. पाच मिनिटं समितीपुढे बसायचं, माझं आहे म्हणायचं. मी असेन शेजारी."

"बेडा. नको."

"का नको?"

"तू ओळखलंस ना? ते पुरत नाही का त्यांना? पुन्हा पुरावा मागणार. पुन्हा मी हात चोळत उभी. बेडा म्हणजे बेडा."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, खोक्यावर 'मिस्लेनियस' लिहिलं तर दिल्लीच्या समितीच्या टेबलावर खोका उपडा करता, आणि स्वतःवर तीच पाटी लावून घेताय! जगातल्या प्रत्येक स्क्रूला नाव पाहिजे तुम्हाला, आणि तुमचं नाव मात्र लोकांनी वासावरून ओळखायचं? कसला मेला हा अभिमान? अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी एकाला दहा ऐकवणारी बाई! मी पाय आपटत निघून आले आणि पुढे बरेच दिवस फोनसुद्धा केला नाही.

दालनाचं उद्घाटन झालं, त्याला मी रागाने गेलेच नाही. पण आठवड्याने लोकांसाठी खुलं झालं तेव्हा राहवेना. गेले. आत कॉलेजचा एक घोळका होता, एक गाइड मुलगी हसतमुखाने माहिती देत होती. आणि त्या काचेच्या पेटीपुढे, सगळ्यांत पुढे, अक्का. कांजीवरम नेसलेल्या. मी त्यांना कांजीवरममध्ये कधी पाहिलं नव्हतं. नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा सुती साडीत येणारी बाई ती.

गाइड सांगत होती की हे कार्ड आपल्या माजी संचालकांच्या दूरदृष्टीचं प्रतीक आहे.

"एक्स्क्यूज मी," अक्का इंग्रजीत म्हणाल्या. आवाज बारीक, मला आधी ओळखूच आला नाही. "हे मी केलंय. मी बनवलंय हे."

घोळका वळला. मुलीने अक्कांकडे बघितलं. काही वाईट नव्हतं तिच्या मनात. छान हसली. "ओके आंटी," म्हणाली, "पण काचेला हात नका ना लावू." आणि घोळक्याला घेऊन पुढच्या पेटीकडे गेली.

अक्कांचा तळहात काचेवर होता, बरोबर कार्डाच्या वर. तो त्यांनी काढला नाही. दाराजवळचा रखवालदार उठून आला. "अम्मा, कै तेगीरी," म्हणाला. हात काढा म्हणे.

अक्कांनी मान वळवली. मी मागे उभी आहे हे त्यांना केव्हा कळलं कोण जाणे. "माझं आहे गं ते," म्हणाल्या, मराठीत. त्या अख्ख्या दालनात मराठी कळणारी मी एकटी.

रखवालदाराने पुन्हा सांगितलं. मी त्याच्या आणि अक्कांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. माझ्या मोडक्या कानडीत त्याला म्हटलं, त्या हात काढणार नाहीत. तुला ज्याला बोलवायचं असेल त्याला बोलव.